बाळ देवदूत झालं का?

आजचं वाचन: मत्तय १८:१-५, १०

आज २ ऑक्टोबर. शाळेला गांधी जयंतीची सुट्टी आणि आपला रक्षकदूतांचा सण. आजच्या शुभवर्तमानात येशू बजावतो, या लहानांना तुच्छ लेखू नका. त्यांचे दूत स्वर्गात सतत पित्यासमोर असतात.

हे वाचन आलं की मला आगाशीतला आमचा रविवारचा धर्मशिक्षणाचा वर्ग आठवतो. दुसरीतल्या एका मुलीचा तीन महिन्यांचा भाऊ वारला होता. मयतीला आलेल्या सगळ्यांनी तिला एकच सांगितलं, "बाळ देवदूत झालं." तिने मला विचारलं, "टीचर, बाळाला आता पंख आलेत. मग आई त्याला ओळखणार कशी?"

मी "ओळखेल गं" म्हटलं आणि विषय बदलला. नाताळच्या नाटकात मुलांना कापसाचे पंख मीच तर चिकटवले होते!

चर्चची शिकवण तशी स्पष्ट आहे. देवदूत म्हणजे शरीर नसलेले आत्मे, देवाने वेगळे निर्माण केलेले. माणूस मेल्यावर देवदूत होत नाही, माणूसच राहतो. पुनरुत्थानात आपण देवदूतांसारखे असू असं येशू म्हणतो (मत्तय २२:३०), पण तिथे प्रश्न लग्नाचा होता, आणि शब्द 'सारखे' असा आहे. इब्री २:१६ वाचा: ख्रिस्त देवदूतांसाठी नाही, अब्राहामाच्या वंशजांसाठी आला. देव स्वतः माणूस झाला, मग माणसाला देवदूत करणं ही बढती कशी?

तुम्ही म्हणाल, दुःखात असलेल्यांना कसली थिऑलॉजी शिकवता? पटतं मला. त्या आईसमोर मी आजही गप्प बसेन. पण मोठ्यांना ती बोलायची रीत आहे हे कळतं. मूल शब्द न् शब्द खरा धरतं. त्या मुलीचा भाऊ गेला होताच, वर आम्ही त्याला अनोळखी करून टाकलं होतं.

पुढच्या रविवारी मी तोबियाची गोष्ट घेतली. राफाएल अख्खा प्रवास त्याच्यासोबत चालला, तरी तोबियाला तो साधा वाटाड्याच वाटला. (एकाने आपल्या दूताचं नाव छोटा भीम ठेवलं होतं. मिखाएल, गाब्रिएल, राफाएल सोडून दूतांना नावं देऊ नयेत असं चर्च सांगतं, तेही सांगून घेतलं.)

मग तिला जवळ बसवून म्हटलं, "तुझा दूत वेगळा, भाऊ वेगळा. बाप्तिस्म्यात ठेवलेलं नाव त्याचंच आहे. तो देवाजवळ आहे, आणि शेवटच्या दिवशी देव त्याला त्याच्या शरीरासह उठवेल."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तेव्हा त्याला दात आलेले असतील?"

"मला नाही माहीत गं," मी म्हटलं. मग आम्ही दोघी बसून त्याच्याबद्दलच बोललो, बेल होईपर्यंत.