पायांनी शिकलेलं

पन्नास मिनिटांच्या तासात तिसाव्या-पस्तिसाव्या मिनिटाला बाकांवर चुळबुळ सुरू होते. कुणी पाय बदलतं, कुणी मान मोडतं, मागच्या रांगेतला एखादा पाणी प्यायला जाऊ का म्हणून विचारतो. संख्याशास्त्र शिकवायला लागलो तेव्हा ही चुळबुळ मला विषयाचा अपमान वाटे आणि आवाज चढवून मी ती थांबवायचो. शरीर गप्प बसलं की डोकं चालू लागतं, ही समजूत मी माझ्या शिक्षकांकडून जशीच्या तशी उचलली होती. ज्ञानाच्या इतिहासात ती बऱ्यापैकी अलीकडची आहे, हे कळायला मला वीसेक वर्षं लागली.

प्लेटोची अकादमी आणि ॲरिस्टॉटलचं लायसियम या दोन्ही जागा अथेन्सबाहेरच्या व्यायामशाळांच्या. धावणं, कुस्ती आणि तत्त्वचर्चा एकाच आवारात चाले. जर्मनीत विद्यापीठाआधीच्या शाळेला आजही गिम्नासियम म्हणतात. तिथे शब्द उरला, आखाडा गेला. आपल्याकडे बौद्ध विहारांत चंक्रमण होतं, म्हणजे ठरावीक वाटेवरच्या संथ येरझारा. अंगुत्तर निकायात त्याचे पाच लाभ सांगितले आहेत. वाटचाल झेपते, साधना झेपते, प्रकृती निरोगी राहते, खाल्लेलं पचतं, हे चार कुणीही व्यायामशिक्षक सांगेल. पाचवा मात्र मला थांबवतो: चालताना साधलेली एकाग्रता पुष्कळ काळ टिकते. सातव्या शतकात नालंदेत शिकलेल्या इत्सिंग या चिनी भिक्षूला भारतातली ही सवय इतकी मोलाची वाटली, की आपल्या प्रवासवृत्तात त्याने तिच्यावर स्वतंत्र प्रकरण लिहिलं.

मग शरीर वर्गाबाहेर कधी गेलं? देकार्तने १६४१ च्या ग्रंथात मन आणि शरीर ही दोन वेगळी द्रव्यं मानली, त्याच्याकडे बोट दाखवायची पद्धत आहे. मला ते पुरेसं वाटत नाही. मला जास्त बोलकी वाटते ती १८६१ मधली घटना. अमेरिकेतल्या ॲमहर्स्ट कॉलेजात विद्यार्थ्यांच्या ढासळत्या प्रकृतीची काळजी वाटू लागली आणि एडवर्ड हिचकॉक या डॉक्टरला आरोग्य आणि शारीरिक शिक्षणाचा प्राध्यापक नेमण्यात आलं. पाऊल चांगल्या हेतूचं होतं आणि त्याचा उपयोगही झाला. पण शरीराला स्वतःचा प्राध्यापक, स्वतःची इमारत आणि वेळापत्रकात स्वतःचा रकाना मिळाला, तसे बाकीचे प्राध्यापक त्या जबाबदारीतून मोकळे झाले.

आपल्याकडे या रकान्याला मोठी परंपरा लाभली. अमरावतीत वैद्य बंधूंनी १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ उभं केलं आणि मंडळाचं पथक १९३६ मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी तिथे प्रात्यक्षिकं दाखवून आलं. लोणावळ्यात स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम स्थापून आसन-प्राणायाम प्रयोगशाळेत तपासायला घेतले. या माणसांबद्दल मला नितांत आदर आहे. तरीही त्यांनी कमावलेलं इतिहासाच्या किंवा गणिताच्या तासाला पोचलं नाही, ही खंत उरते. पुढे १९५३ मध्ये जेरी मॉरिस यांनी लंडनच्या बसमध्ये बसून राहणारे चालक आणि दिवसभर डबलडेकरचे जिने चढणारे कंडक्टर यांची तुलना करून दाखवलं, की कंडक्टरांना हृदयविकार कमी होतो. हालचालीची बाजू घ्यायला आता शास्त्र मिळालं, पण ते हृदयाच्या वतीने बोलत होतं. आज पदवीच्या नव्या आराखड्यात क्रीडा आणि योगाला सहअभ्यासक्रम म्हणून श्रेयांक मिळतात. ते हवेतच. पण त्या श्रेयांकांच्या भरवशावर उरलेले सगळे तास पूर्वीसारखेच बसून काढायचे, हे मला पटत नाही.

कारण दुसरी एक परंपरा आपल्याच मातीत आहे. दा. ध. कोसंबी गणिताचे, पण प्राचीन इतिहासाकडे वळल्यावर ते पुण्याभोवतीचे डोंगर पायी तुडवत राहिले. देवीची ठाणी, जुन्या वाटा आणि सूक्ष्मास्त्रं म्हणजे अश्मयुगीन माणसाची बारीक दगडी हत्यारं, यांची सांगड त्यांना घालता आली ती या पायपिटीमुळे. इरावती कर्वे डेक्कन कॉलेजात समाजशास्त्राच्या प्राध्यापक. त्या पालखीबरोबर चालल्या आणि ‘परिपूर्ती’तला ‘वाटचाल’ हा लेख झाला. दिवसभर एकत्र भजन करत चालणारी माणसं मुक्कामाला जेवायला जातीनुसार वेगळी होतात, हे त्यांना जाणवलं ते सोबत चालल्यामुळे. रस्त्याच्या कडेला खुर्ची टाकून बसणाऱ्याला दिंडीतलं भजन तेवढं दिसलं असतं.

माझ्या विषयातला दाखलाही १९१४ चाच निघाला. अल्बर्ट ब्लेकस्ली या वनस्पतिशास्त्रज्ञाने कनेटिकटच्या कृषी महाविद्यालयातल्या १७५ विद्यार्थ्यांना उंचीनुसार रांगांत उभं करून छायाचित्र काढलं. मधल्या रांगा लांब, कडेच्या आखूड. पुस्तकातला स्तंभालेख तिथे हाडामांसाचा झाला होता. ते पाहून मी वर्ग मैदानावर नेला. मुलं उंचीने ओळीत उभी राहिली, दोन्ही टोकांकडून एकेक जण बाजूला होत गेला आणि शेवटी उरलेल्या मुलीला कळलं, की मध्यक म्हणजे आपण. त्या व्याख्येची उजळणी मला त्या वर्षी करावी लागली नाही.

चालण्याने सगळंच सुधारतं असं मात्र नाही. स्टॅनफर्डमध्ये ऑपेझो आणि श्वार्ट्झ यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत चालताना लोकांना नव्या कल्पना जास्त सुचल्या, अगदी भिंतीकडे तोंड करून ट्रेडमिलवर चालतानासुद्धा. एकच नेमकं उत्तर शोधायच्या कामात तो फायदा दिसला नाही. म्हणून सिद्धता मी बसवूनच शिकवतो. प्रश्न काढायचा असेल, अंदाज बांधायचा असेल, तेव्हा मुलांना जोडीजोडीने आवारात पाठवतो.

दुसऱ्या वर्षी मैदानावर निघालो तेव्हा व्हीलचेअरवरच्या एका विद्यार्थिनीने विचारलं, “सर, माझी उंची कुठे धरायची?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. ‘हालचाल’ म्हणताना माझ्या मनात फक्त धडधाकट पाय होते, हे त्या क्षणी लख्ख कळलं. तोडगाही तिनेच काढला: घर कॉलेजपासून किती किलोमीटर ते बघू, एका किलोमीटरला एक पाऊल. सुरुवातीच्या रेषेजवळ गर्दी झाली. दोघी-तिघी तिसाव्या पावलापलीकडे गेल्या. एक मुलगा बासष्टाव्या पावलावर, पार कुंपणाजवळ एकटाच जाऊन उभा राहिला. पहाटेच्या पहिल्या एसटीने येणारा, म्हणून पहिल्या तासाला पेंगणारा.

एक्केचाळीस जणांची सरासरी काढली. अकरा आली. अकराव्या पावलावर चुन्याची रेघ ओढली, तर तिच्यावर कुणीच उभं नव्हतं. आठव्या पावलानंतरचं माणूस थेट एकोणिसाव्यावर होतं. वर्ग बराच वेळ त्या रिकाम्या रेघेकडे बघत राहिला. तेवढ्यात कुंपणाजवळून तो मुलगा ओरडला, “सर, मी नसतो तर किती आली असती?”

व्हीलचेअरवरच्या मुलीने मोबाइलवर हिशेब केला, आणि तिने सांगितलं तशी चुन्याची रेघ सव्वा पाऊल आत घेतली गेली.