न दिसणाऱ्या दुखण्याची साक्ष

ताप आला तर तो पाऱ्याच्या नळीनें मोजतां येतो, हाड मोडलें तर तें हातास लागतें, गोंवर अंगावर उमटतो. अशा दुखण्यांत रोग्यानें तोंड न उघडलें तरी चालतें. त्याच्या वतीनें त्याचें शरीरच बोलत असतें. परंतु जें दुखणें शरीरावर उमटत नाहीं, ज्याची वार्ता केवळ रोग्याच्या तोंडून कळावयाची, त्यावर आपण किती विश्वास ठेवावा? आणि तसा विश्वास ठेवणें हा आपला उपकार, कीं रोग्याचा हक्क? प्रश्न तर्कशास्त्राचा दिसतो; पण तो रोज स्वयंपाकघरांत सोडविला जातो, आणि बहुधा चुकीचा सोडविला जातो, असें आमचें मत आहे.

ह्या प्रश्नाचा कस पाहण्यास मल्टिपल स्क्लेरॉसिस ह्या विकाराइतकें चांगलें उदाहरण मिळणें कठीण. आपल्या ज्ञानतंतूंवर, विजेच्या तारेवर रबराचें वेष्टण असावें तसें, एक स्निग्ध आवरण असतें. शरीराची जी संरक्षक शक्ति बाहेरच्या जंतूंशीं लढावयाची, तीच ह्या विकारांत घरभेदी होऊन मेंदूंतील व मज्जारज्जूंतील हें आवरण कुरतडूं लागते. पॅरिसच्या साल्पेट्रिएर रुग्णालयांत शार्को ह्या वैद्यानें १८६८ सालीं ह्याचें स्पष्ट वर्णन केलें. विकार बहुतकरून विशी ते चाळिशीच्या वयांत गांठतो, आणि पुरुषांपेक्षां स्त्रियांना अधिक. एकदां एका डोळ्यापुढें धुकें येतें. कांहीं आठवड्यांनीं तें निवळतें. पुढें केव्हां तरी पायांस मुंग्या येतात, चालतांना झोक जातो, तेंहि ओसरतें. मधल्या काळांत मनुष्य धडधाकट दिसतो. मागें राहतो तो एक विलक्षण थकवा. आपल्याकडे हा विकार युरोपांतल्यापेक्षां विरळ. त्यामुळें घरांतल्या वडील माणसांनीं त्याचें नांवहि ऐकलेलें नसतें, आणि नांव नसलेल्या दुखण्यास आपल्या समाजांत आळस हें नांव तयार असतें.

आतां ह्या विकारास मराठवाड्यांतला उन्हाळा जोडा. चैत्र-वैशाखांत नांदेड-लातुराकडे पारा चाळिसाच्या पलीकडे जातो. पत्र्याच्या छपराखालीं भर दुपारीं एखादी तरुण सून म्हणते, “मला आतां उठवत नाही, डोळ्यांपुढं अंधुक होतंय.” संध्याकाळीं वारें सुटल्यावर तीच हंडा उचलते, शेजारणीशीं हंसून बोलते. सासूबाई हें सर्व पाहत असतात. त्यांचा निष्कर्ष ठरलेला: काम पडलें कीं दुखणें, काम सरलें कीं बरें. येथें आम्हांस सासूबाईंची बाजू थोडी घ्यावीशी वाटते, कारण त्यांनीं जें पाहिलें तें अक्षरशः खरें आहे. चूक आहे ती अनुमानांत. १८९० सालीं ऊटहोफ नांवाच्या जर्मन नेत्रवैद्यानें जवळजवळ हेंच नोंदवून ठेवलें होतें: श्रमानंतर ह्या रोग्यांची दृष्टि मंदावते आणि विसाव्यानें पूर्ववत् होते. श्रमानें अंगांत चढणारी उष्णता हें त्याचें कारण, हें पुढें कळलें. आवरण झिजलेल्या तंतूंतून संदेश आधींच अडखळत जातो. शरीराची ऊब अर्ध्या अंशानें वाढली तरी तो अडूं शकतो, आणि अंग निवलें कीं पुनः वाहूं लागतो. ह्यांत नवी इजा होत नाहीं. म्हणजे ज्या गोष्टीवरून ढोंगाचा संशय यावा, तीच रोगाची खूण! एके काळीं निदानासाठीं वैद्य रोग्यास ऊन पाण्यांत बसवून लक्षणें वाढतात कीं काय तें पाहत. मराठवाड्यांतल्या घरांत ही परीक्षा दर उन्हाळ्यांत फुकट होते. फक्त निकाल उलटा वाचला जातो.

ह्यावर घरगुती उपाय साधे आहेत. जड काम सकाळीं उरकावें, दुपारीं अंगावर ओला पंचा घ्यावा, गार पाण्यानें हातपाय धुवावे. पण २०१६ च्या एप्रिलांत लातूर शहरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें होतें, हें आपण विसरलों नाहीं. अशा दिवसांत घागरींतला एक तांब्या कोणाच्या अंगावर खर्चावयाचा हें ठरविण्याआधीं तिच्या बोलण्यावर विश्वास बसावा लागतो.

मग दवाखाना येतो. नांदेडजवळ विष्णुपुरीस व लातुरास सरकारी वैद्यकीय महाविद्यालयें आहेत. तरी मेंदुविकारतज्ज्ञाच्या शोधांत पुष्कळजण हैदराबाद, सोलापूर, पुणें गांठतात. गुडघ्यावर हातोडी, डोळ्यांत विजेरी, सरळ रेषेंत चालून दाखविणें, आणि शेवटीं एम. आर. आय. फिल्मवर पांढरे ठिपके दिसले कीं घरांतलें वारें एकाएकीं फिरतें. ती मोठी पिशवी पाहुण्यांपुढें उघडली जाते. जिला दोन वर्षें आळशी म्हटलें, ती एका दिवसांत ‘बिचारी’ होते. हा पालट आम्हांस नको आहे असें नाहीं. पण तिचें म्हणणें कालहि तेंच होतें. शिवाय ठिपके ही पुरी साक्ष नव्हे. ठिपके पुष्कळ असून हिंडता-फिरता मनुष्य आढळतो, थोडे असून अंथरुणास खिळलेलाहि आढळतो. आणि थकवा तर फिल्मवर दिसतच नाहीं. शेवटीं यंत्राकडून पुनः रोग्याच्या शब्दाकडेच परतावें लागतें. ह्याच शार्कोची मोठी ख्याति झाली ती हिस्टेरियाच्या अभ्यासाबद्दल, आणि त्याच्यामागून कितीएक वर्षें ह्या विकाराच्या स्त्रियांना हिस्टेरियाच्या म्हणून परत लावून दिलें जाई. तेव्हां संशय हा केवळ सासूबाईंचा धर्म नव्हे. विद्वानांनींहि तो पाळला आहे.

कोणी म्हणेल, प्रत्येकाचा शब्द मानला तर कामचुकारांचें फावेल. फावेल, हें आम्ही कबूल करतों. परंतु दोन्ही चुकांची किंमत तोलून पाहावी. लबाडावर विश्वास ठेवला तर चार भांडीं दुसऱ्या कोणीं घांसावीं लागतील. खऱ्या रोग्यावर अविश्वास दाखविला तर तो सांगणेंच सोडतो. नवा झटका आला तरी गप्प राहतो, आणि एखादा झटका असा असतो कीं, जातांना पायांतली शक्ति कायमची घेऊन जातो. सरकारचेंहि तसेंच. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ति हक्क अधिनियमानें १९९५ च्या कायद्यांतले सात प्रकार एकवीस केले, त्यांत ह्या विकारास नांवानिशीं जागा दिली, हें उत्तम झालें. परंतु नोकरींतील राखीव जागांसारख्या सवलतींस शेंकडा ४० ची अट आहे. श्रावणांतल्या गार सकाळीं मोजलेले टक्के वैशाखाच्या दुपारीं खरे कसे ठरावे?

आणि न दिसणाऱ्यावर विश्वास ठेवण्याची ही परीक्षा खुद्द रोग्यासहि द्यावी लागते. रोगाची चाल पालटणारें पहिलें औषध, इंटरफेरॉन बीटा, अमेरिकेंत १९९३ सालीं मान्य झालें. पुढें आणखी आलीं. तीं रोग समूळ घालवीत नाहींत, झटके कमी करतात. जो झटका टळला त्याची जाणीव कोणास होणार? अंगांत बरें वाटत असतां सुई टोंचून घ्यावयाची, खर्च सोसावयाचा, पुनः लांबच्या गाडीचें तिकीट काढावयाचें. घरांत “तुला झालंय तरी काय?” हें रोज ऐकणाऱ्या स्त्रीस औषध सोडून देण्यास आणखी निमित्त लागत नाहीं.

मात्र विश्वासाचें सोंग घेऊन येणारी एक अतिकाळजीहि आहे, तिच्याबद्दल लिहिलेंच पाहिजे. निदान झालें कीं कित्येक घरीं रोग्यास कोपऱ्यांत बसवून ठेवतात; तिला विचारल्यावांचून तिचें काम, तिची नोकरी, तिचा निर्णय काढून घेतात. “नाहीं होत” हें तिचें म्हणणें ज्यांनीं मानलें, त्यांनीं “आज होतंय” हेंहि मानावयास नको काय? सायंकाळीं उन्हें कलल्यावर ती भाकरी थापावयास बसली तर तिच्या पुढ्यांतली परात ओढून घेण्याचें कारण नाहीं. शेगडी तेवढी वाऱ्याच्या खिडकीशीं सरकवून द्यावी.