कोनाड्यातला कप

महाशिवरात्रीच्या संध्याकाळी आजी नेसरीच्या खिंडीत सहा पणत्या लावायची. तिथे पडले सात जण, मग पणत्या सहाच का, असं लहानपणी मी एकदा विचारलं. ती वात सरळ करत म्हणाली, "परतापरावाचं नाव समद्यास्नी ठावं हाय. बाकीच्या सहांच्या आयांनी कुणाकडं बघायचं?" म्हणजे पणत्या त्या आयांच्या होत्या. घरी बसून वाट बघणाऱ्या, आपला मुलगा कुठे पडला हे कदाचित कधीच न कळलेल्या सहा बायांच्या.

शाळेत आम्हांला हा इतिहास तारखांसकट शिकवला होता. १६७३ मध्ये उमराणीला प्रतापराव गुजरांनी बहलोलखानाला कोंडीत पकडलं आणि त्याच्या विनवणीवर सोडून दिलं. खान पुन्हा उलटला. शिवाजी महाराजांचा ठपका जिव्हारी लागलेला हा सरनोबत २४ फेब्रुवारी १६७४ रोजी, माघ वद्य चतुर्दशीला, मोजक्या सोबत्यांनिशी खानाच्या फौजेवर तुटून पडला. पुढे त्यांची मुलगी जानकीबाई राजाराम महाराजांची राणी झाली. कुसुमाग्रजांच्या कवितेने तर हे सात स्वार घरोघरी नेले. बाकीच्या सहांची नावंही सांगितली जातात, पण अभ्यासकांचं त्यांवर एकमत नाही. आजीला यातलं काही वाचता येत नव्हतं. तरी इतिहासाच्या पुस्तकात नेमकी कुठली जागा मोकळी राहिली आहे, ते तिला बरोबर दिसलं होतं.

तिची श्रद्धा अशी होती. गळ्यात तुळशीची माळ, पंधरवड्याची एकादशी, संध्याकाळी ऐकून पाठ केलेला हरिपाठ. देवाकडे काय मागतेस, असं विचारलं तर म्हणायची, "मी मागत न्हाई काय. हजेरी लावून येतो." आमच्याकडच्या बायका 'मी जातो', 'मी करतो' असंच बोलतात, पुण्यात शिकायला गेल्यावर मैत्रिणींना त्याचं हसू यायचं, तेव्हा मला आजीची फार आठवण यायची. तिची हजेरी देवळापुरती नव्हती. कुणाच्या घरी मयत झालं की तिसऱ्या दिवसापर्यंत चूल पेटत नाही, हे तिला ठाऊक असे. ती बुट्टीत भाकरी बांधून पदराखाली घेऊन जायची आणि ठेवून न बोलता परत यायची. बाळंतिणीच्या घरी, कर्जाने मान खाली घातलेल्याच्या घरी, सासुरवाशिणीच्या माहेरी, सगळीकडे तिची हजेरी लागलेली असे. देव आणि माणसं तिने वेगवेगळ्या वहीत लिहिली नव्हती.

इथवर लिहून थांबलं तर एक सुंदर आजी तयार होते. दिवाळी अंकांत अशा आज्या आपण खूप वाचल्या आहेत. पण मला तिची आठवण पुरी ठेवायची आहे, आणि पुऱ्या आठवणीत आमच्या परड्याच्या भिंतीतला एक कोनाडाही येतो.

त्या कोनाड्यात कान मोडलेला एक कप असे. माझ्या वडिलांना जन्मल्याबरोबर जिने पहिल्यांदा हातात घेतलं, ती सुईण आमच्याकडे आली की तो कप काढला जाई. ती स्वतःच तो विसळी, आजी वरून चहा ओती, पिऊन झालं की ती पुन्हा विसळून जागेवर पालथा घाली. दोघी तासभर बोलत. सुनांच्या, पावसाच्या, जोंधळ्याच्या कणसांच्या गोष्टी. आजीची तिच्यावर माया होती, यात मला तिळमात्र शंका नाही. आणि कप कोनाड्यातच होता, यातही नाही. नाळ कापणारा हात घरात चालायचा; तो हात घरातल्या कपाला लागलेला चालत नव्हता.

आईच्या श्रद्धेबद्दल मराठीत सगळ्यांत जास्त वाचलं गेलेलं पुस्तक म्हणजे 'श्यामची आई'. १९३३ मध्ये साने गुरुजींनी ते नाशिकच्या तुरुंगात लिहिलं. त्यात डोक्यावर मोळी चढवू न शकणाऱ्या एका म्हाताऱ्या महार बाईचा प्रसंग आहे. आई श्यामला सांगते, जा, तिची मोळी उचलून दे, आणि घरी येऊन अंघोळ कर. मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा त्या मोळीपाशी माझे डोळे भरले. पुढे कधीतरी पुन्हा वाचताना मी त्या अंघोळीपाशी अडले. गावाचे डोळे आपल्यावर आहेत हे ओळखून त्या माउलीने जमेल तेवढं अंतर कापलं होतं. १९१७ मध्ये ती गेली. त्यानंतर तीस वर्षांनी, मे १९४७ मध्ये, तिचा मुलगा, म्हणजे साने गुरुजी, पंढरपुरात उपोषणाला बसला. ज्या देवळाच्या पायरीपाशी चोखोबांची समाधी आहे, त्या देवळात चोखोबांच्या लेकरांना जाता यावं म्हणून. दहा दिवसांनी उपोषण सुटलं, आणि त्या वर्षी विठोबाचं दार उघडलं.

मला वाटतं, आईची स्मृती म्हणजे काय, याचं इतकं सरळ उत्तर दुसरं नाही. आईने मोळी दिली होती. अंघोळ काढून टाकायचं काम मुलाकडे राहिलं होतं. गुरुजींनी आईवर रागावून ते केलं नाही आणि आई चुकली नव्हतीच असं म्हणूनही केलं नाही. ती जिथवर आली होती तिथून त्यांनी पुढे पाऊल टाकलं. आपण मात्र बहुधा दोनच गोष्टी करतो. तसबिरीला हार घालून तिला निर्दोष करून टाकतो, नाहीतर तिच्या काळाचा हिशेब काढून तिची माया खोटी ठरवतो. दोन्हींत आपल्याला चालावं लागत नाही.

लक्ष्मीबाई टिळकांनी हे चालणं एका जन्मात आणि स्वतःच्या पायांनी केलं. पती नारायण वामन टिळक १८९५ मध्ये ख्रिस्ती झाले, तेव्हा सोवळ्याओवळ्यात वाढलेली ही बाई उद्ध्वस्त झाली, काही वर्षं वेगळी राहिली. तिने बाप्तिस्मा घेतला १९०० मध्ये. पण जातिभेद मानायचा नाही, हे तिने त्याआधीच मनाशी ठरवलं होतं. शाळेचं तोंड न पाहिलेल्या या बाईचं 'स्मृतिचित्रे' मराठी आत्मचरित्रांच्या माथ्यावर आहे, आणि त्यात तिने आपलं ओवळं जितकं मोकळेपणाने सांगितलं आहे तितकं कुणी मुलगा आपल्या आईबद्दल सांगू धजला नसता. १९३६ च्या २४ फेब्रुवारीला ती गेली. आमच्या खिंडीची इंग्रजी तारीख तीच, म्हणून ती कायमची माझ्या लक्षात राहिली. पुस्तकाचा राहिलेला शेवट मुलाने, देवदत्तांनी लिहिला. पुढे नातवाने, अशोक टिळकांनी, पुस्तकाची साक्षेपी आवृत्ती काढली.

आजीला असं लिहिता आलं नाही. तिची वही म्हणजे जातं. पहाटे खुंट्याला हात लागला की ओवी सुरू होई: पहिली विठ्ठलाला, मग माहेराला, मग गेलेल्या पोरीला. वैरण टाकताना आवाज मध्येच तुटे आणि पुन्हा जुळे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवें यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्याखेड्यांत फिरून अशा लाखाहून जास्त ओव्या टिपल्या. त्यांतली प्रत्येक ओवी गाणाऱ्या बाईच्या नावानिशी नोंदली, ही मला या कामातली सगळ्यांत मोठी गोष्ट वाटते. एरवी ओवी 'लोकां'ची होते आणि बाई नाहीशी होते. आमच्या गल्लीत पिठाची गिरण आली तेव्हा आजीच्या खांद्याला आराम मिळाला, त्याबद्दल मी हळहळणार नाही. जात्याला टाकी लावायला येणारा पाथरवट यायचा थांबला. ओव्याही थांबल्या. माझ्याकडे तेव्हा टेपरेकॉर्डर होता, त्यावर मी सिनेमाची गाणी ऐकत होते. ही चूक माझी आहे आणि ती दुरुस्त होण्यासारखी नाही.

एका वर्षी आजी गावातल्या बायांबरोबर माघी वारीला गेली. परत आल्यावर दर्शनबारीबद्दल ती फार बोलली नाही. रात्रभर उभं राहून पाय सुजले, पुढच्या बाईच्या पाठीवर डोकं टेकून झोप घेतली, तिने आपल्या लोट्यातलं पाणी पाजलं, एवढंच. "कुठली होती?" आईने विचारलं. "इचारलं न्हाई," आजी म्हणाली. माघी एकादशी ते महाशिवरात्र हे अंतर अठरा दिवसांचं. त्या अठरा दिवसांत कधीतरी कोनाडा रिकामा झाला. सुईण आली तेव्हा आजीने तिला घरातल्या कपबशीतून चहा दिला. तिने बशीत ओतून प्यायला, उठून सवयीने विसळायला निघाली, आणि आजीने तिच्या हातातून कप काढून घेतला. दोघींपैकी कुणी एक शब्द बोललं नाही. मी उंबऱ्यावर बसून पाहत होते.

आजी जाऊन आता बरीच वर्षं झाली. या महाशिवरात्रीला आईला घेऊन खिंडीत गेले. आईचे गुडघे धरतात, तरी तिने सहाही पणत्या स्वतः लावल्या. वारा होता, दोन पुन्हा लावाव्या लागल्या. तेव्हा मी तिला म्हटलं, "आजीने कप काढला ते मोठंच केलं ना?"

"कप काढला," आई म्हणाली. "आत्तींनी त्याच्या आधी तीस वर्सं ठेवलावता, त्येचं काय?"

मग मी त्या सुईणीचं नाव विचारलं. आई बराच वेळ ज्योतींकडे बघत राहिली. म्हाताऱ्या बाईचा चेहरा, कपाळावरचं गोंदण, चालण्याची ढब, सगळं तिला आठवत होतं. आमच्या घरात तिला जातीवरूनच ओळखत होते आणि "अगं ए" म्हणून हाक मारत होते. नाव आईला आठवेना, कारण ते कधी घेतलंच गेलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर आईने डोक्यावर पदर घेतला, चपला घातल्या आणि काठी घेतली. त्या घरात आता सुईणीची नातसून असते, तिला ठाऊक असेल, म्हणाली. मी सोबत येऊ का, असं विचारलं.

"नगं. मी जाऊन येतो."