मन्या कोण, ते आधी विचारा

औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक काय मागेल याचा नेम नसतो. ‘मन्याला ताप आहे, तापाची अर्धी गोळी द्या,’ असं कुणी म्हणालं, तर मन्या कोण, ते आधी विचारावं. बोका असेल, तर पॅरासिटामॉलची अर्धी गोळीही त्याच्या जिवावर उठू शकते. ते औषध पचवून बाहेर टाकण्याची माणसाच्या यकृताची हातोटी मांजराच्या यकृतात जवळजवळ नाहीच.

मागणाऱ्याला मात्र हसू नये. त्यामागे पुष्कळदा खर्चाची धास्ती असते. मुक्या जिवाला कुठं दुखतंय ते सांगता येत नाही. मग रक्ततपासणी, सोनोग्राफी, एक्स-रे. तो स्थिर राहावा म्हणून कधी भूलही. आणि विमा बहुतेकांचा नसतोच, सगळं खिशातून.

मुंबईत परळचं प्राण्यांचं बाई साकरबाई रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून आहे. २०२४ मध्ये महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचंही सुरू झालं. तालुक्याच्या गावी मात्र सरकारी दवाखान्याचा भर गाई-म्हशींवर. म्हणून मन्याचा मालक आधी केमिस्टकडे जातो. केमिस्टनं गोळी न देता पशुवैद्याचा नंबर लिहून दिला, तर दुकानाचे दोन-चार रुपये बुडतात, एवढंच.