नावे कुणाच्या?

माणूस नेमका कुठे संपतो आणि त्याच्या गळ्यातली ग्रंथी कुठे सुरू होते, हा प्रश्न बी. कॉम.ला आम्हांला नव्हता. असता तर मी तो खुशाल ऑप्शनला टाकला असता. चाळिशी ओलांडल्यावर मात्र तो कंपल्सरी म्हणून आला, आणि तोही रोख पाचशे रुपयांचा.

मी डहाणूच्या एका बँकेत कारकून आहे. २०२४ सालापासून आम्हां कारकुनांना 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. पगाराच्या मानाने नाव बरंच लांब आहे. राहायला कैनाडला. थंडीच्या दिवसांत सकाळी कैनाडहून निघालं की शेतांवर कधीकधी असं धुकं बसलेलं असतं की पुढची रिक्षा दिसत नाही, फक्त तिच्यातलं गाणं ऐकू येतं. डहाणू येईपर्यंत ते विरतं. गेल्या वर्षी ते विरेना. म्हणजे बाहेरचं विरलं, डोक्यातलं राहिलं. मार्च गेला, एप्रिल गेला. चिकूच्या वाडीत सावलीला बसूनही घामाच्या धारा लागाव्यात अशा मे महिन्यात मी स्वेटर घालून कॅशच्या खिडकीत बसत होतो, आणि स्टेपलरला स्टेपलर म्हणतात हे मला आठवत नव्हतं. 'ते... टाचायचं... द्या जरा,' असं म्हणत मी तीन महिने काढले. एकदा सही करताना आडनावापाशी पेन थबकलं. आडनाव विसरलो असं नाही. ते मागच्या खोलीतून पुढे यायला जरा वेळ लागला, एवढंच.

या काळात माझ्याविषयी मतं तयार झाली. साहेबांच्या मते मी कामचुकार. शेजारच्या काउंटरवरच्या मॅडमच्या मते मी शेअर बाजारात बुडालेला. आमच्या सौभाग्यवतींचं मत लग्नापासून जे आहे तेच, फक्त त्याला आता पुरावा मिळाला. आणि खरं सांगायचं तर माझाही स्वतःच्या आळशीपणावर हळूहळू विश्वास बसत चालला होता.

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्याच कैनाडच्या एका पाड्यावरची वारली आजी पैसे काढायला आली. सात हजार. पाऊस तोंडावर आलेला आणि तिने छपराचं काम काढलेलं. मी पाचशेच्या नोटा मोजून दिल्या. दुसऱ्या दिवशी ती पुन्हा खिडकीशी. तिची बोली मला समजते, पण लिहायला गेलो तर चुका होतील, आणि तिच्या बाबतीत माझ्या आधीच पुष्कळ चुका झाल्या आहेत. तेव्हा मतितार्थ सांगतो. तिने मोजल्या, सुनेने मोजल्या, नातीने मोजल्या. चौदाऐवजी तेराच नोटा होत्या.

बँकेत याला एकच उत्तर असतं आणि ते पाटीवर लिहिलेलं असतं : 'काउंटर सोडण्यापूर्वी पैसे मोजून घ्यावेत.' मी पाटी दाखवली. आजीला वाचता येत नाही हे मला ठाऊक होतं. शिवाय आदल्या दिवशीची माझी कॅश रुपयारुपयाने जुळली होती, आणि कॅश जुळली म्हणजे कारकून निर्दोष, हा आमच्या धंद्यातला वेदान्त आहे. तेव्हा मी अगदी मऊ आवाजात (या मऊ आवाजाचीच मला आता जास्त लाज वाटते) म्हटलं, 'आजी, वयामुळे होतं असं. कुठेतरी ठेवली असेल आणि विसरला असाल.'

ती काही बोलली नाही. पाटीकडे एकदा पाहिलं आणि गेली.

पुढे पंधरा दिवसांनी सौ.ने मला डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी गळा चाचपला, रक्त तपासायला पाठवलं. टीएसएच अडतीस निघाला. साधारण चाराच्या आत हवा. टीएसएच म्हणजे काय हे बँकवाल्याला चटकन कळतं. थायरॉईड ही गळ्यातली वीसेक ग्रॅमची शाखा. मेंदूच्या तळाशी पिट्यूटरी, ते हेड ऑफिस. शाखेचं काम घटलं की हेड ऑफिस स्मरणपत्रं धाडतं, त्यांचं नाव टीएसएच. माझ्या शाखेत पत्रांचा ढीग साचला होता आणि शाखा ढिम्म. का, तर शाखेच्याच रखवालदाराने तिला दरोडेखोर समजून तिच्यावर बंदूक रोखलेली. शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ग्रंथीवर उलटते. हाकारू हाशिमोटो नावाच्या जपानी डॉक्टरने १९१२ साली चार बायकांच्या गळ्यांचा अभ्यास करून हा आजार वर्णिला, म्हणून त्याला हाशिमोटोचा आजार म्हणतात. गोळीबार कोणाचा, हे मात्र लंडनच्या संशोधकांनी दाखवलं ते १९५६ साली. चव्वेचाळीस वर्षं ही नोंद सस्पेन्स खात्यात पडून होती म्हणायची. (ज्या रकमेचा धनी सापडत नाही ती आम्ही तात्पुरती सस्पेन्सला टाकतो. 'तात्पुरती' हा शब्द बँकेत फार सैल वापरला जातो.)

'हा आजार पुरुषांपेक्षा बायकांत कितीतरी जास्त,' डॉक्टर म्हणाले.

'मग हे बायकांच्या रांगेत कसे घुसले?' सौ. म्हणाली. तिला रांग मोडलेली खपत नाही.

रिपोर्टचा कागद बँकेत दाखवला आणि चमत्कार झाला. साहेबांनी मला बसायला सांगितलं. मॅडमनी घरून लाडू आणले. सकाळी उपाशीपोटी एक गोळी घ्यायची आणि नंतर तासभर चहा नाही, हे ऐकून तर सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. माझा कामचुकारपणा एका कागदाने रद्द झाला. मीही ओळीने सगळ्या चुका थायरॉईडच्या नावे टाकल्या. विम्याचा चुकलेला हप्ता, विसरलेली किल्ली, लग्नाचा वाढदिवस. वाढदिवस मी थायरॉईड बिघडण्याआधीही विसरत होतो. पण नवं खातं उघडलंच आहे तर मागची बाकीही तिथेच ओढावी.

अशात जुलैमध्ये एक चिकूचे व्यापारी शेठ आले आणि त्यांनी पाचशेची नोट माझ्यापुढे ठेवली. महिन्यापूर्वी वीस हजार काढले त्यात एक जास्त आली होती. 'म्हटलं, तुमचा टॅली चुकेल, फोन येईल. आला नाही, म्हणून मीच आलो.'

तारीख पाहिली. आजीचीच तारीख. एकीकडे चौदाच्या तेरा, दुसरीकडे चाळिसाच्या एकेचाळीस. दोन चुकांनी एकमेकींना टाळी दिली आणि माझी कॅश जुळली. साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, 'पुस्तकात चूकच नाही, तर दुरुस्त काय करणार? नेऊन द्या.'

नेऊन द्यायला मी चार दिवस लावले. आजीचा पाडा माझ्या घरापासून चालत पाव तासावर. पण त्या चार दिवसांत मी तत्त्वज्ञान केलं. नोट कोणी चुकवली? मी, की माझ्या ग्रंथीने? १८७२ चा भारतीय करार कायदा आम्हांला होता, तो आठवून पाहिला. त्याच्या बाराव्या कलमात वेड्याची सोय आहे : डोकं ठिकाणावर असेल तेवढ्या वेळेपुरता त्याला करार करता येतो. शहाण्या माणसाचीही आहे : तो तापात बरळत असेल किंवा दारूने पार झिंगला असेल तर तेवढ्यापुरता त्याला करता येत नाही. म्हणजे वेडा, तापकरी आणि दारुडा तिघांचा विचार झाला. पण ज्याला ताप नाही, जो प्यालेला नाही, वेळेवर कामावर येतो, 'नमस्कार आजी' म्हणतो, आणि ज्याला तेरा आणि चौदा यांत काही फरक आहे असं त्या क्षणी वाटत नाही, त्याचं काय, यावर कलम गप्प.

बरं, नोटेचं ओझं ग्रंथीवर टाकता येईलही. पण 'वयामुळे होतं असं' हे वाक्य? ते ग्रंथीला कसं सुचेल? त्या दिवशी खिडकीच्या दोन बाजूंना दोन माणसं होती. एकाच्या डोक्यात धुकं होतं आणि दुसरीच्या नव्हतं. धुकंवाल्याने ते उचलून दुसरीच्या नावे टाकलं, कारण तिच्याकडे दाखवायला कागद नव्हता. कागद तेव्हा माझ्याकडेही नव्हता म्हणा; पाटी होती.

रविवारी पावसात गेलो. आजीच्या घरावर निळी ताडपत्री होती, एका कोपऱ्याला अपुरी, आणि त्या कोपऱ्याखाली पातेलं ठेवलेलं. मी नोट दिली आणि सगळं सांगितलं. गळा दाखवला, शाखा आणि हेड ऑफिससुद्धा सांगितलं. आजीने गळ्याला हात लावून पाहिला. दुखतं का, विचारलं. नाही म्हटलं. मग तिने जे सांगितलं ते मला ठाऊक नव्हतं. बँकेचा हिशेब चुकत नसतो, असं तिच्या मुलाचं म्हणणं. मग नोट गेली कुठे? घरात परकी कोण? सून. सून चार दिवस माहेरी जाऊन बसली होती, आता परत आली होती, पण नवराबायकोत बोलणं नव्हतं.

सून चुलीपाशी कोरा चहा करत होती. तिने वर पाहिलं नाही.

आजीने मुलाला हाक मारून आत बोलावलं आणि मला म्हणाली, आता पुन्हा सांग, मोठ्याने.

दुसऱ्यांदा सांगताना मला थायरॉईड कुठे बसवायचा ते सुचेना. त्या माणसापुढे टीएसएच काढायचा म्हणजे काय काढायचं? मी म्हटलं, 'मी मोजताना चुकलो. वर आजींनाच विसरभोळं म्हटलं. तुमच्या घरातल्या कोणाचा काही दोष नाही.' एवढंच, अडीच वाक्यं. मुलगा काही बोलला नाही. पातेल्यात थेंब पडत होते. चहा आला, त्यात साखर बरीच होती.

ऑक्टोबरात माझा टीएसएच दोनवर आला. साहेब म्हणाले, 'आता झालात ना नॉर्मल!' त्यांच्या आवाजात लाडवांचा हिशेब होता. मी डॉक्टरांना सांगितलं की स्वेटर गेला, पण धुकं थोडं आहे. ते म्हणाले, काहींचं रक्त सुधारलं तरी असं राहतं, आणि का राहतं ते अजून पुरतं उलगडलेलं नाही. म्हणजे आता चूक झाली तर कागद माझ्या बाजूने नाही. मी नोटा तीनदा मोजतो.

आजी चौथ्यांदा मोजते. दर महिन्याला ती बरोबर माझ्याच खिडकीशी येते, दुसरी रिकामी असली तरी. नोटा काउंटरवर एकेक करून पसरते, मोठ्याने मोजते, मध्येच चुकली तर पुन्हा पहिल्यापासून. मागे रांग कुरकुरते. परवा एकजण ओरडला, 'अहो, त्या म्हातारीला बाजूला व्हायला सांगा की!'

मी त्याला पाटी दाखवली.