'आपण जिंकलो' मधला 'आपण' कोण?

मीरा रोडनंतर भाईंदर, मग खाडीवरचा पूल, नायगाव आणि वसई रोड. नया नगरमधल्या आमच्या घरापासून वसईचा किल्ला एवढ्या जवळ. तरी मी तो पहिल्यांदा पाहिला पंचविशी उलटल्यावर, ऑफिसच्या टीमसोबत. समुद्राकडच्या दरवाज्यापाशी फोटो काढताना एक सहकारी म्हणाला, "आपण पोर्तुगीजांना इथूनच हाकललं." मग त्याची नजर माझ्यावर पडली आणि तो घाईघाईत म्हणाला, "म्हणजे... मराठ्यांनी."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. मला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणूनच त्यानं शब्द बदलला असेल. पण 'आपण'मधून मला अलगद बाहेर ठेवलं गेलं, हे घरी येईपर्यंत डोक्यात घोळत राहिलं.

वसई तेव्हा बेट होतं. मुख्य भूमीपासून तिला वेगळी करणारी खाडी पुढे गाळानं भरत गेली. 1534 मध्ये गुजरातच्या बहादूरशहानं ती पोर्तुगीजांना दिली आणि दमणपासून चौलपर्यंत पसरलेल्या त्यांच्या 'उत्तर प्रांता'ची ती राजधानी झाली. 1661 च्या लग्नाच्या तहात इंग्रजांना देऊ केलेली मुंबई त्याआधी या वसईच्याच हाताखाली होती. म्हणजे आज लोकलला लटकून ज्या शहरात आपण कामाला जातो, ते एकेकाळी वसईचं उपनगर! कोटाच्या आत चर्च, मठ, सरदारांचे वाडे. बाहेर शेतात राबणारी रयत, धर्मांतरं, मोडलेली देवळं. 1737 मध्ये मराठ्यांनी ठाणे आणि घोडबंदर घेतलं (घोडबंदर आज आमच्याच महापालिकेत येतं), आणि मे 1739 मध्ये तटाखाली सुरुंग उडवून चिमाजी अप्पांनी वसई घेतली.

आता प्रश्न असा: हा विजय वारशात कोणाला मिळतो?

रक्तानं म्हणाल, तर तिथे लढलेल्यांचे वंशज किती आणि नुसते टाळ्या वाजवणारे किती, हे कोणालाच सांगता येणार नाही. धर्मानं म्हणाल, तर वसईचे ख्रिस्ती हरले असं म्हणावं लागेल. पण ते पोर्तुगीज नव्हते. ते इथलेच कोळी, शेतकरी. राज्य गेलं, राज्यकर्ते गेले, हे इथेच राहिले आणि आजही घरात मराठीच्याच बोली बोलतात. जपानमध्ये 1597 साली क्रुसावर मेलेला गोन्सालो गार्सिया वसईचा, त्याची आई इथलीच. त्याला कोणत्या बाजूला उभं करायचं?

आणि गावानं म्हणाल, तर गंमतच आहे. चिमाजी अप्पांचं भट घराणं मूळचं श्रीवर्धनचं. माझे आजोबाही श्रीवर्धनचेच, कोकणी मुसलमान. त्या हिशेबानं फोटोतल्या सगळ्यांपेक्षा किल्ल्यावर माझा हक्क जास्त!

मोजपट्टी बदलली की 'आपण' बदलतो. म्हणून मला वाटतं, आपण मोजपट्टी आधी निवडत नाही. कोणाला आत घ्यायचं ते आधी ठरवतो आणि मग त्याला जुळेल अशी मोजपट्टी शोधतो.

मग जुन्या विजयाचा अभिमान बाळगूच नये का? तसंही मला म्हणता येत नाही. दोनशे वर्षं घट्ट बसलेली सत्ता उखडली गेली, हे आठवून मलाही बरं वाटतं. पण अभिमान एकटा मिळत नाही. नाशिकला नारोशंकराच्या देवळात टांगलेली मोठी घंटा वसईतल्या चर्चची, 1721 सालची. गोदावरीला पूर आला की पाणी कुठवर चढलं ते लोक तिच्यावरून सांगतात. घंटा आता नाशिकची झाली आहे, आणि ते छानच आहे. पण जो 'आपण जिंकलो' म्हणतो, त्यानं 'ती घंटा आपण उचलून नेली' हेही म्हणायला हवं. श्रेय घेताना 'आपण' आणि हिशेब देताना 'ते, तेव्हाचे लोक' असं चालणार नाही.

माझ्या कामात हे रोज दिसतं. दहा वर्षांपूर्वी कोणीतरी लिहिलेला कोड माझ्याकडे येतो. तो चांगला असेल तर श्रेय माझं नाही, बिघडलेला असेल तर दोषही माझा नाही. तरी आज तो सांभाळायची जबाबदारी माझीच. ती मिळायला माझं आडनाव त्यात असावं लागत नाही. मी आता टीममध्ये आहे, एवढं पुरतं.

किल्ल्याचंही तसंच असावं. तट ढासळतोय, भिंतींवर प्रेमिकांची नावं कोरलेली आहेत, कोपऱ्यात प्लास्टिकच्या बाटल्या. जो हे आपलं मानून जपेल, तो 'आपण'.

परवा त्याच सहकाऱ्यानं ग्रुपवर तो फोटो पुन्हा टाकला. मी खाली लिहिलं, "आपण पुन्हा कधी जायचं?" त्यानं लगेच उत्तर दिलं, "रविवारी. या वेळी भाईंदरहून रो-रोनं जाऊ."