कलम 64 आणि 'न मम'

मी भिक्षुकी करतो आणि आयकराची विवरणपत्रंही भरून देतो. घाटनांदूरमध्ये याचं कुणाला नवल वाटत नाही. पोथ्या वडिलांकडून आल्या, बी. कॉम.ची पदवी अंबाजोगाईच्या कॉलेजातून आली, आणि एकट्या पोथ्यांवर घर चालत नाही हे तिसावं वर्ष लागायच्या आत कळलं. पंचांग आणि आयकर खातं या दोघांनी माझी सोय पाहिलेली आहे. आषाढी एकादशीला देव झोपतात, लग्नं थांबतात, आणि तेवढ्यात 31 जुलै जवळ येतो. अंतरपाट घडी करून कपाटात ठेवायचा आणि कॉम्प्युटरवरची धूळ झटकायची.

एक गोष्ट मात्र जमत नाही. ज्यांचं लग्न मीच लावलं, त्यांची विवरणपत्रं वेगळी झाल्यावर मीच भरायची, हे. आमच्या पोथीत लग्नाचे मंत्र भरपूर आहेत, सुटकेचा एकही नाही. काडीमोड गावोगाव होत आले, जातपंचायती ते करत आल्या, हिंदू विवाह कायद्यानं 1955 साली ती रूढी मान्यही केली. पण त्या मांडवात भिक्षुकाला कधी कुणी बोलावलं नाही. मला बोलावणं येतं ते जुलैमध्ये.

2024 च्या जुलैत एक गुरुजी आले. शाळेतले गुरुजी, अनुदानित शाळेत, वर्षाला नऊ लाखांच्या घरात पगार. दहा वर्षांपूर्वी त्यांचं लग्न मी लावलं होतं. त्या वर्षीच्या जानेवारी अखेरीस परस्परसंमतीनं घटस्फोटाचा हुकूम झालेला. कागदांची पिशवी टेबलावर ठेवून ते म्हणाले, "काका, माझं काय अन् तिचं काय, तेवढं निवडून द्या."

निवडायला बसलो. पहिली सहा लाखांची ठेव. बायकोच्या नावावर, लग्नानंतर तिसऱ्या वर्षी केलेली. पैसा यांचा, नाव तिचं. मुलगी झाली तेव्हा कौतुकानं केली होती, हेही त्यांनी सांगितलं. व्याज सात टक्के, म्हणजे वर्षाचे 42,000. दुसरे दोन गाळे, महिन्याला 6,000 भाडं. 2022 ची दिवाळी झाल्यावर दोघांनी वेगळं राहायचं ठरवलं, लेखी करार केला, आणि त्या करारापोटी गाळे तिच्या नावावर करून दिले.

आता कायदा पाहा. नवऱ्यानं बायकोला पुरेसा मोबदला न घेता काही दिलं, तर त्यातून येणारं उत्पन्न नवऱ्याच्याच उत्पन्नात मिळवायचं, असं त्या वर्षाला लागू असलेल्या 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 64 सांगतं. बायकोनं नवऱ्याला दिलं तरी तेच. त्याला अपवाद एक: वेगळं राहण्याच्या करारापोटी दिलेलं असेल तर मिळवायचं नाही. म्हणून त्या एकाच वर्षात, कायद्यानं दोघं नवरा-बायको असतानाच, ठेवीचं एप्रिल ते जानेवारीचं 35,000 रुपये व्याज गुरुजींच्या उत्पन्नात गेलं आणि गाळ्यांचं भाडं पहिल्या महिन्यापासून तिचं राहिलं. हुकुमानंतरच्या दोन महिन्यांचं 7,000 व्याज मात्र तिचं. ठेव तीच, बँक तीच, पावतीवर नावही तेच.

गुरुजींनी आकडे पाहिले आणि विचारलं, "म्हंजे प्रेमानं दिलं ते माझंच राहिलं, आन् भांडून दिलं ते तिचं झालं?"

कायद्याच्या दृष्टीनं त्यांचं म्हणणं बरोबर होतं. माझ्यातला कर सल्लागार मान हलवून मोकळा झाला. भिक्षुकाला मात्र रात्री झोप लागली नाही.

कारण देणं म्हणजे काय, हे आमच्या शास्त्रानं फार बारकाईनं ठरवलेलं आहे. दान पुरं व्हायला दोन गोष्टी लागतात. देणाऱ्याचं स्वत्व सुटलं पाहिजे आणि घेणाऱ्याचं स्वत्व उभं राहिलं पाहिजे. नुसती वस्तू हातातून हातात गेली तर ती ठेवायला दिली असंही होईल. म्हणून पळीभर पाणी सोडायचं आणि 'न मम' म्हणायचं, हे माझं नाही. रोज किती वेळा मी हे शब्द यजमानाकडून वदवून घेतो! कलम 64 ला हेच विचारायचं आहे असं मला वाटतं: बाबा, तू खरंच 'न मम' म्हणालास का? एका छताखाली राहणाऱ्या माणसाच्या उत्तरावर कायद्याचा विश्वास नाही. ठेव तिच्या नावावर असेल, पण पैसा त्याच घरात, त्याच डब्यात. कायदा विश्वास ठेवतो तो वेगळं राहायचं ठरवून दिलेल्यावरच.

चोरवाटा बुजवायला ही तरतूद आधीच्या आयकर कायद्यात 1937 साली आली. लोक कर वाचवायला मालमत्ता बायकोच्या नावावर करत, अजूनही करतात, माझ्या टेबलावर बसूनच विचारतात. त्यामुळे कायद्याच्या संशयाला मी नावं ठेवणार नाही. गंमत अशी की धर्मसूत्रं याच जागी उलट्या वाटेनं येऊन पोचली आहेत. आपस्तंब सांगतो की पती-पत्नींमध्ये वाटणी नाही. पाणिग्रहणापासून कर्मात ती दोघं बरोबर, पुण्याच्या फळात बरोबर, आणि द्रव्य मिळवण्यातही बरोबर. मग त्यानं तिला दिलं तरी काय? जे दोघांचं आहे ते एकानं दुसऱ्याला कसं द्यायचं? मीमांसेत जैमिनीच्या सहाव्या अध्यायात यावर सरळ वाद आहे. पूर्वपक्ष म्हणतो, बाईजवळ द्रव्य नाही, तर तिला यज्ञाचा अधिकार कुठला? सिद्धांत म्हणतो, धन दोघांचं आहे, म्हणून यज्ञही दोघांनी मिळून करायचा. मनूनं मात्र बायकोची कमाई नवऱ्याची म्हणून टाकली, तेही लपवून चालणार नाही. आमचं शास्त्र एका तोंडानं बोलत नाही, आणि भिक्षुक सोयीचं तेवढं वाचतो.

कायदा आणि आपस्तंब दोघांचा निष्कर्ष एकच: संसारात असताना दिलेलं हे दिलेलं नव्हे. पण आपस्तंब म्हणतो ते दोघांचं होतं म्हणून. कायदा म्हणतो ते त्याचंच होतं म्हणून. एवढ्याशा फरकावर बाईचं सगळं आयुष्य उभं असतं.

आमच्या तालुक्याचं दैवत तर न झालेल्या लग्नाचं. योगेश्वरीचं लग्न परळीच्या वैजनाथाशी ठरलं, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगड झालं आणि देवी अंबाजोगाईलाच राहिली, अशी कथा आहे. घाटनांदूरहून एकीकडं देवी, दुसरीकडं महादेव, आणि मधल्या रस्त्यानं आम्ही लग्नं लावत हिंडतो. हुकूम घेऊन आलेल्या बायका देवीच्या पायऱ्यांवर बसलेल्या मी पाहिल्यात. तिथं त्यांना कुणी काही विचारत नाही.

गुरुजींचा दुसरा प्रश्न पोटगीचा होता. महिन्याला 10,000 तिला द्यायचे ठरले होते. "हे तर माझ्याकडं राहतच नाहीत, मग वजा होत न्हाईत?" होत नाहीत. हा प्रश्न मुंबईच्या सीतलदास तीर्थदास यांनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला होता. न्यायालयाच्या हुकुमानुसार बायको-मुलांना दिलेले एका वर्षाचे 1,350 आणि पुढच्या वर्षाचे 18,000 रुपये त्यांना उत्पन्नातून वगळून हवे होते. मुंबई उच्च न्यायालयानं त्यांच्या बाजूनं कौल दिला, सर्वोच्च न्यायालयानं 1960 साली तो फिरवला. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांनी त्यात जो भेद केला तो कुठल्याही नैयायिकाला शोभावा असा आहे. उत्पन्न तुमच्या हाती येण्याआधीच दुसऱ्याकडं वळलं असेल, तर ते तुमचं नव्हेच. पण हाती आल्यावर तुम्ही ते कर्तव्यापोटी दिलंत, तर ते तुमच्या उत्पन्नाचं खर्चणं झालं. शेतकऱ्याला हे एका वाक्यात कळतं. पाट वरच्याच अंगाला फोडला तर पाणी तुझ्या रानात आलंच नाही. रानात येऊन मग शेजाऱ्याला दिलंस, तर ते तुझं पाणी.

इथं मी अडतो. नातिचरामि कशाकशात म्हणतात? धर्मात, अर्थात आणि कामात. त्यातला 'अर्थ' मी दहा वर्षांपूर्वी या गुरुजींकडून वदवून घेतला होता, चारशे लोकांसमोर. मग पाट वरच्या अंगाला फोडलेला नव्हता का? वर्षभर राबून आलेल्या पगारात तिच्या घरकामाचा, तिच्या जागरणांचा वाटा पगार हाती येण्याआधीच नव्हता का? न्यायालयानं पोटगीला कर्तव्य म्हटलं. मला ती उशिरानं केलेली वाटणी वाटते. वाटणी म्हटली की वाटा तिचाच ठरतो, मग कर तिनं भरावा, त्यानं नाही. प्रत्यक्षात दरमहा येणारी पोटगी तिचं उत्पन्न धरली जाते आणि त्यालाही वजावट नाही, म्हणजे एकाच रुपयाकडं दोन घरी पाहिलं जातं. एकरकमी घेतली तर ती भांडवली जमा, तिच्यावर कर नाही. प्रतापगढच्या राजकुमारी महेश्वरीदेवींच्या प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयानं चाळीस वर्षांपूर्वी हा फरक सांगितला, आणि तेव्हापासून आमच्यासारखे सल्लागार बायकांना 'एकदाच घ्या' असं सांगत आले. खरं सांगायचं तर 10,000 महिना पोटगीवाल्या बाईला कर शून्यच येतो. तिची अडचण कराची नसतेच, पोटगी महिन्याच्या महिन्याला येत नाही ही असते.

आपस्तंबाचं सहत्व, म्हणजे दोघांचं ते बरोबर असणं, करात उतरलेलं मला एकाच ठिकाणी दिसलं, आणि तेही फॉर्ममध्ये. आयटीआर 2 भरताना, माणूस घाटनांदूरचा असो की नांदेडचा, एक प्रश्न येतो: तुम्हाला पोर्तुगीज नागरी संहिता लागू आहे का? मी गेली कित्येक वर्षं 'नाही' वर टिचकी मारतो आणि दर वेळी जरासा हसतो. गोव्यात त्या संहितेखाली येणाऱ्या जोडप्याचं पगार सोडून बाकीचं उत्पन्न 1961 च्या कायद्यातल्या कलम 5ए प्रमाणे दोघांत अर्धं-अर्धं वाटून दोघांच्या हाती कर लागतो. पाणिग्रहणानं द्रव्यात सहत्व येतं, हे ऐकायला मला पोर्तुगीजांकडं जावं लागावं!

की जावं लागत नाही? आमच्याच बीड जिल्ह्यात दसरा-दिवाळीच्या सुमाराला ट्रक भरतात आणि माणसं पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातात. तिथं माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकट्या माणसाला अर्धा कोयता म्हणतात. तो तोडतो, ती मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. अर्धनारीनटेश्वराचं यापेक्षा घामट रूप मी पाहिलेलं नाही. पण उचल घेतो बहुधा तोच, आणि हिशेबाच्या वहीत नावही त्याचं. अशी एक बाई माझ्याकडं आली होती. नवऱ्यानं सोडलेली. तिला पोटगीच्या अर्जासोबत उत्पन्नाचं शपथपत्र द्यायचं होतं. 2020 साली रजनेश विरुद्ध नेहा या नागपूरहून गेलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं ते दोन्ही बाजूंना सक्तीचं केलं. त्यात विवरणपत्रांचा रकाना आहे. बाई म्हणाली, "माझं उत्पन्न लिहा, अर्धा कोयता." मी लिहिलं नाही, कारण तसं लिहिता येत नाही. तिचं काहीच लिहिलेलं नव्हतं कुठं.

त्या शपथपत्रानंतर बायकांचे कागद पाहायला मी जास्त वेळ घेऊ लागलो. गुरुजींची बायको गुरुजी येऊन गेल्यावर दोन दिवसांनी स्वतंत्र आली, मुलीला घेऊन. मुलीच्या आजीनं तिच्या नावावर थोडी ठेव ठेवली होती. अज्ञान मुलाचं व्याज आई-बापांपैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्यात मिळवतात, लग्न मोडलं असेल तर जो मूल सांभाळतो त्याच्यात, आणि एका मुलामागं 1,500 रुपये सूट. पोर हिच्या पदरात, म्हणून व्याजही हिच्या पदरात. मी ते सांगितलं तर तिनं मुलीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि म्हणाली, "लिहा की मग."

गाळ्यांचं भाडं लिहिलं. ठेवीचे 7,000 लिहिले. तिनं ती रक्कम दोनदा वाचली. आधीचे 35,000 त्यांच्यात का गेले, ते मी समजावून सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, मग विचारलं, "काका, आमच्या लग्नात तुमी दक्षिणा किती घेतली व्हती?"

"दोन हजार शंभर."

"ती तुमच्या रिटर्नात दाखवली का?"

"दाखवली."

"कुणाची म्हणून दाखवली? बापानं दिली व्हती माझ्या. तांदळावर ठिवून."

कुणाची ते लिहावं लागत नाही, एकूण रक्कम लिहावी लागते, असं मी सांगितलं. ती हसली. मुलगी खिडकीशी उभी राहून स्टेशनाकडं पाहत होती. परळीकडं जाणारी गाडी यायची वेळ झाली होती. फीचे पाचशे मी नको म्हणालो. तिनं ते टेबलावर ठेवले आणि पावती मागितली.